महालयाची यादी

भाद्रपदाच्या वद्य पक्षांत आमच्या नौपाड्यांतील घरीं महालय असतो. पूर्वींचें अंगणाचें बैठें घर आतां राहिलें नाहीं. तें पाडून त्या जागीं चार मजल्यांची इमारत झाली, त्यालाहि पुष्कळ वर्षें लोटलीं. तरी भावाभावांचीं बिऱ्हाडें एकाच जिन्यावर आहेत, आणि श्राद्धाच्या दिवशीं सर्वांचा स्वयंपाक एकाच ठिकाणीं होतो. गेल्या वर्षींच्या महालयाला मी अपसव्य करून बसलों होतों. गुरुजी एकेक नांव सांगत आणि मी गोत्रासह तें उच्चारून तिलोदक सोडीत होतों. आमच्या कैलासवासी वडील बंधूंची नात वैद्यकीच्या शेवटच्या वर्षांत शिकते. ती दाराशीं बसून कागदावर कांहीं टिपून घेत होती. मुलीला पूर्वजांची गोडी लागली असें समजून मला बरें वाटलें. जेवणें आटोपल्यावर तिनें तो कागद माझ्यापुढें ठेविला आणि विचारिलें, "भाऊआजोबा, यांतले चाळिशीच्या आंत कोण कोण गेले? आणि कशानें गेले?"

एकत्र कुटुंबांत अशा प्रश्नाला जें उत्तर मिळतें तेंच मीं दिलें: "आयुष्य तेवढेंच होतें त्यांचें." तेवढ्यानें तिचें समाधान झालें नाहीं. मग मी आठवून सांगूं लागलों.

माझ्या वडिलांचे धाकटे बंधु एकोणिसाव्या वर्षीं कोंकणांत गांवच्या डोहांत बुडाले. पट्टीचे पोहणारे, भर पावसाळ्यांत नदी ओलांडून पलीकडे जात. एका शांत दुपारीं चारचौघांच्या देखत त्यांनीं उडी मारली, ते वर आलेच नाहींत. कोणी म्हणालें पायांत पेटका आला, कोणी म्हणालें डोह वाईट. शस्त्रानें वा अपघातानें गेलेल्यांची तिथि म्हणून त्यांचें श्राद्ध आम्ही वद्य चतुर्दशीला करतों. दुसरा माझा आतेभाऊ. शाळेंत असल्यापासून त्याला फेफरें येतें असें सर्वजण धरून चालले होते. खेळतां खेळतां किंवा रागाच्या भरांत तो कोसळे, हातपाय झटके, आणि मिनिटा-दोन मिनिटांत उठून बसे. वीस वर्षें त्यानें फेफऱ्याच्या गोळ्या घेतल्या. चौतिसाव्या वर्षीं ठाणें स्टेशनावर सुटती गाडी पकडण्यासाठीं तो धांवला आणि फलाटावरच गेला. त्याची आई, म्हणजे माझी आत्या, मात्र चौऱ्यायशीं वर्षें जगली. तिला उभ्या जन्मांत कधीं घेरीसुद्धां आली नाहीं. त्या आतेभावाचा मुलगा आतां अठ्ठावीस वर्षांचा असून डोंबिवलीस राहतो. निर्व्यसनी, नित्य व्यायाम करणारा, दृष्ट लागावी अशी प्रकृति. दोन वर्षांपूर्वीं तरणतलावांत त्याची शुद्ध हरपली. शेजारच्या पोहणाऱ्यानें ओढून काढलें म्हणून वांचला. "एकादशीच्या उपाशीपोटीं पोहायला कोणीं सांगितलें होतें?" असें म्हणून आम्हींच त्याला रागें भरलों होतों.

मुलगी थोडा वेळ कांहींच बोलली नाहीं. मग म्हणाली, "आजोबा, तिघांचें दुखणें एकच असावें. त्या दादाला उद्यांच कार्डिओग्रॅम काढायला न्यायचें." पुढच्या पंधरा दिवसांत जें घडलें त्यामुळें हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला. मी वैद्य नव्हें. जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला आणि पुढें शास्त्रीबोवांपाशीं संस्कृत वाचलेला शाळामास्तर. परंतु जें समजून घेतलें तें आपल्यासारख्या घरांत सांगण्याजोगें आहे.

हृदय म्हणजे रक्ताचा पंप, हें शाळेंत आम्हींच शिकविलें. पंपाला वीज लागते हें शिकविण्याचें राहून गेलें. दिवसांतून सुमारें एक लक्ष वेळां हृदयाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यांतून विद्युतेची एक लहर निघते, ती सर्व स्नायूंवरून फिरते आणि तिच्या आज्ञेनें हृदय आकुंचन पावतें. प्रत्येक पेशीच्या आवरणाला सूक्ष्म दारें असतात. कांहींतून सोडियम आंत शिरतो, कांहींतून पोटॅशियम बाहेर जातो, आणि त्या जाण्यायेण्यानें ही लहर उठते व विरते. लहर विरली कीं पेशी पुढच्या ठोक्यास सिद्ध होते. आतां कांहीं माणसांत पोटॅशियमचें दार जन्मतःच मंद असतें. पेशीला सिद्ध होण्यास सेकंदाचे कांहीं शतांश अधिक लागतात. एरवीं त्यानें कांहींहि बिघडत नाहीं. परंतु धांवतांना, पोहतांना, रागांत वा भीतींत शरीरांत जो उत्तेजक रस सुटतो, त्यामुळें एखादा ठोका त्या अर्धवट तयारीच्या क्षणींच येऊन आदळला, तर सगळी शिस्त मोडते. हृदय आकुंचन पावण्याऐवजीं थरथरूं लागतें. रक्त पुढें जात नाहीं. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूला रक्त नाहीं म्हणून हातपाय झटके देतात, आणि पाहणाऱ्याला तें फेफरें वाटतें. लय आपोआप परतली तर माणूस कपडे झटकून उठतो. न परतली तर कांहीं मिनिटांत संपतो. पुढें शवचिकित्सा केली तरी हृदय डोळ्यांना निरोगीच दिसतें, कारण बिघाड घडणींत नसून लहरींत असतो, आणि प्राणाबरोबर लहरहि नाहींशी झालेली असते.

ह्यामुळेंच नाडी धरून, छातीला नळी लावून किंवा रक्तदाब मोजून हा रोग कळत नाहीं. हृदयाची सोनोग्राफी केली तरी ती निर्दोष येते. तो दिसतो तो कार्डिओग्रॅमच्या कागदावर. हॉलंडमधील लायडन येथील आइन्थोव्हेन यांनीं हें यंत्र सिद्ध केलें व त्याबद्दल १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळविलें. त्यांनीं लहरींच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशीं नांवें दिलीं, तींच आजहि चालतात. क्यूच्या आरंभापासून टीच्या अंतापर्यंतचा काळ म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लहर उठून विरण्याचा काळ. नाडीच्या वेगाप्रमाणें तो कमीअधिक होतो, म्हणून बॅझेट यांनीं १९२० सालीं सांगितलेल्या सूत्रानें तो दुरुस्त करून घेतात. दुरुस्त केलेला आंकडा पुरुषांत सेकंदाच्या ४५० सहस्रांशांच्या व स्त्रियांत ४६० सहस्रांशांच्या पुढें गेला तर शंका घ्यावी. ५०० च्या पुढें गेला तर धोका मोठा समजावा. लांबलेला क्यू-टी असेंच ह्या विकाराचें नांव आहे. दोन-अडीच हजार माणसांत एकाला तो असतो असें मानतात. आमच्या डोंबिवलीच्या मुलाचा आंकडा ४९० निघाला. त्याच्या दोन वर्षांपूर्वींच्या कागदांत तपासून पाहिलें, तर तेव्हांचा कार्डिओग्रॅमहि सांपडला. त्यावर यंत्रानेंच "सामान्य" असें छापलें होतें. यंत्राचें मोजमाप चुकूं शकतें. हा आंकडा जाणत्या डॉक्टरकडून हातानें मोजवून घ्यावा लागतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ह्या रोगाचा पूर्वेतिहास वाचतांना एका ठिकाणीं माझा हात थांबला. १८५६ सालीं माइस्नर नांवाच्या जर्मन वैद्यानें एका मुक्याबहिऱ्या मुलीची हकीकत लिहून ठेविली आहे. किरकोळ अपराधासाठीं शाळेच्या मुख्याध्यापकांनीं तिला सर्वांसमक्ष उभी करून बोल लाविला, आणि ती तेथेंच गतप्राण होऊन पडली. आईबापांना कळविलें तेव्हां त्यांना आश्चर्य वाटलें नाहीं. त्यांचीं आणखी दोन मुलें अशींच, एक दचकल्यानें व एक संतापाच्या भरांत, गेलीं होतीं. पुढें शंभर वर्षांनीं, १९५७ सालीं, नॉर्वेंत येर्वेल व लांगे-नील्सन ह्या दोघां वैद्यांनीं एका कुटुंबांतील सहा मुलांपैकीं चार मुलें बहिरीं व वारंवार बेशुद्ध होणारीं आढळलीं, त्यांतील तीन अकस्मात् मेलीं, असें प्रसिद्ध केलें आणि कार्डिओग्रॅमवरचा लांबलेला काळ दाखविला. १९६३ त इटलींत रोमानो यांना व १९६४ त डब्लिन येथें वॉर्ड यांना, ऐकूं नीट येणाऱ्या मुलांतहि हाच विकार सांपडला. ह्यास कारण होणारीं पहिलीं जनुकें १९९५ व १९९६ सालीं ओळखलीं गेलीं.

त्या जर्मन मुलीची हकीकत वाचून मला माझ्या वर्गांतली एक मुलगी आठवली. ती बहिरी नव्हती. सहामाही परीक्षेच्या दिवशीं विजेची घंटा एकाएकीं घणघणली आणि ती बाकावरून खालीं कोसळली. दुसऱ्या वेळीं मीं तिला फळ्यापाशीं बोलावून मोठ्यानें रागें भरलों तेव्हांहि तसेंच झालें. शिक्षकांच्या खोलींत आम्ही हंसलों. अभ्यास झाला नाहीं म्हणून सोंग करते, असें मीच म्हणालों. ह्या विकाराचा एक प्रकार असा आहे कीं त्यांत श्रमापेक्षां अचानक झालेला आवाजच घातक ठरतो. गजराचें घड्याळ, टेलिफोनची घंटा, दारावरची थाप, एवढें पुरतें. बाळंतपणानंतरचे महिनेहि त्या प्रकारांत विशेष जपण्याचे असतात. त्या मुलीला हेंच असेल असें मी म्हणत नाहीं. वर्ष संपल्यावर तिच्या वडिलांची बदली झाली. पुढें ती कोठें गेली हें मला माहीत नाहीं. परंतु त्या वेळीं एक कार्डिओग्रॅम काढावा असें एकाहि मास्तराच्या मनांत आलें नाहीं, हें खरें.

प्रत्येक घेरी म्हणजे हा रोग नव्हे, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. नाहींतर घरोघर घबराट व्हावयाची. प्रार्थनेला उन्हांत फार वेळ उभीं राहिलेलीं मुलें, सुईचें रक्त पाहून भोंवळ येणारीं माणसें, पंगतींत उकाड्यानें पडणाऱ्या स्त्रिया, ह्यांना आधीं मळमळतें, घाम सुटतो, डोळ्यांपुढें अंधारी येते. आडवें केलें कीं बरें वाटतें. ती मूर्च्छा बहुधा निरुपद्रवी. भिण्यासारखी मूर्च्छा निराळी. ती धांवतांना, पोहतांना, चढ चढतांना येते. बसल्या वा निजल्या ठिकाणीं अकस्मात् येते. आवाजानें, संतापानें येते. आणि तिच्याआधीं कसलीहि सूचना नसते. फेफऱ्याच्या औषधांनीं जें फेफरें थांबत नाहीं, विशेषतः जें केवळ श्रमाच्या वा क्षोभाच्या वेळींच येतें, त्याचा कार्डिओग्रॅम झालाच पाहिजे. आपल्या माधवनिदानांत अपस्मार आणि मूर्च्छा यांचीं प्रकरणें वेगवेगळीं आहेत. घरोघर मात्र आम्ही दोहोंना एकच नांव देऊन मोकळे झालों.

आतां यादीकडे वळतों. कोकणस्थ घराण्यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मोठ्या कष्टानें कुलवृत्तांत छापले. आमच्या घरींहि एक जाडजूड ग्रंथ आहे. मूळ पुरुष, गोत्र, कुलस्वामी, कोण कोठें नोकरीस होतें, सर्व आहे. भाचीच्या, म्हणजे ह्या होऊं घातलेल्या डॉक्टरीणबाईंच्या आईच्या, सूचनेवरून मीं तो पुन्हा चाळला. बुडालेल्या काकांपुढें "अल्पवयीं वारले" एवढे दोन शब्द. आत्येचें नांव आहे, तिच्या यजमानांचें आहे. तेथें तिची शाखा संपली. आतेभाऊ त्या ग्रंथांत कोठेंच नाहीं, कारण तो दुसऱ्या आडनांवाचा. पण रोगाला आडनांव कळत नाहीं. लांबलेल्या क्यू-टीचा नेहमींचा प्रकार असा कीं आईबापांपैकीं एकाकडून जरी दोष आला तरी पुरे. आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा. तो मुलींच्या वाटेनें तितकाच जातो जितका मुलांच्या. कुलवृत्तांत मुलींच्या वाटेला गेलाच नाहीं, म्हणून त्यांत माग लागत नाहीं.

महालयाच्या तर्पणाची यादी ह्या बाबतींत पुष्कळ उदार आहे. पितृत्रयी, मातृत्रयी यांनंतर मातामह येतात. मग काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, आणि तींहि यजमान व अपत्यें यांसह. शेवटीं सासरे, गुरु, आप्त. म्हणजे वैद्य ज्याला कुटुंबाचा इतिहास म्हणतात तो जवळजवळ सगळा वर्षांतून एकदां आपण मुखानें म्हणतों. त्यांत वय आणि कारण तेवढें घातलेलें नसतें. चतुर्दशीची तिथि तर अकस्मात् गेलेल्यांसाठींच राखलेली आहे. चांगला पोहणारा कसा बुडाला, रस्ता मोकळा असतां तरुण माणसाची गाडी झाडावर कशी गेली, धडधाकट मूल पाळण्यांत निजल्या निजल्या कसें गेलें, हे प्रश्न त्या तिथीला विचारण्याची रीत मात्र नाहीं.

येर्वेल व लांगे-नील्सन यांनीं वर्णिलेला बहिरेपणासहचा प्रकार दोन्ही बाजूंनीं दोष आला तरच होतो, आणि असें जवळच्या नात्यांतील विवाहांत अधिक संभवतें. सगोत्र विवाह आपण कटाक्षानें टाळतों. वीस पिढ्यांपूर्वींचा संबंधहि चालत नाहीं. उलट दक्षिणेकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. बौधायनानें तिचा दक्षिणेचा आचार म्हणून उल्लेख केला आहे, आणि महाराष्ट्रांत देशस्थांत ती आजोबांच्या काळापर्यंत सर्रास होती. सख्ख्या आते-मामे भावंडांत रक्ताचा आठवा हिस्सा समान असतो. गोत्राचा नियम पाळणाऱ्यांनीं हा हिशोब केला नाहीं, हें मला आश्चर्यकारक वाटतें. माझे कांहीं देशस्थ स्नेही ह्यावर रागावतील; रागावोत.

जनुकांतील दोष म्हणजे काय, हें मला माझ्या परीनें समजलें तें पोथीच्या दृष्टान्तानें. लेखकानें नक्कल करतांना एक अक्षर चुकविलें कीं त्या नकलेवरून केलेल्या प्रत्येक नकलेंत तें चुकतें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां अशा सामाईक चुकांवरूनच कोणती पोथी कोणत्या घराण्याची हें ठरविलें. आमच्या मुलाच्या रक्तांतील चूक सांपडल्यावर तीच चूक आम्हां सर्वांत आहे कीं नाहीं हें पाहणें सोपें झालें. एक रक्ताचा नमुना देण्यापलीकडे त्यांत त्रास नाहीं.

माझ्या नमुन्यांत ती चूक निघाली. सत्तरीकडे झुकलेल्या, रोज तलावपाळीला चार फेऱ्या मारणाऱ्या, कधीं भोंवळहि न आलेल्या मनुष्याला हें ऐकून हंसूं आलें. माझा कार्डिओग्रॅम अगदीं मर्यादेंत होता. दोष असणाऱ्यांपैकीं बऱ्याच जणांचा विश्रांतींतला कार्डिओग्रॅम निर्दोष येतो. म्हणून घरांत एकाला रोग सांपडला असतां दुसऱ्यानें एका निर्दोष कागदावर विसंबून राहूं नये. चालत्या पट्ट्यावर श्रम करवून, त्यानंतरच्या विश्रांतींत पुन्हां मोजतात. तेव्हां कित्येकदां तो उघडा पडतो. वृद्धापकाळीं स्वतःविषयीं मला भय नव्हतें. हंसूं मात्र लगेच ओसरलें, कारण माझी एकुलती एक कन्या कल्याणास दिली आहे.

तिकडे जाण्यापूर्वीं दोन शब्द इतर विकारांविषयीं. तरुण निरोगी माणसांना अकस्मात् नेणारा हा एकटाच रोग नव्हे. ब्रुगाडा बंधूंनीं १९९२ सालीं वर्णिलेल्या विकारांत पुरुष बहुधा झोपेंत जातात, आणि तापानें तो जागा होतो. ज्या घरांत तो आहे तेथें ताप तत्काळ उतरवावा लागतो. हृदयाच्या स्नायूचे आनुवंशिक विकारहि अशीच बेलय उत्पन्न करतात. त्यांतील एक गोष्ट तर आपल्याच देशाची आहे. २००९ सालीं हैदराबादच्या सी.सी.एम.बी. ह्या संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं हृदयस्नायूच्या एका जनुकांतील २५ अक्षरें गळाल्याचा दोष भारतांत शंभरांतील सुमारें चौघांत आहे, आणि तो असणाऱ्यांना स्नायुविकाराचा संभव सुमारें सातपट. तारुण्यांत बहुतेकांना त्याची जाणीवहि नसते, आणि कित्येकांना पुढेंहि कांहीं होत नाहीं. इटलींत १९८२ पासून स्पर्धेंत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची कार्डिओग्रॅमसह तपासणी सक्तीची आहे. व्हेनेटो प्रांतांत त्यानंतर खेळाडूंचे अकस्मात् मृत्यु दर लाख खेळाडूंमागें वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आले. आपल्या ठाण्यांत पावसाळ्यांत वर्षा मॅरेथॉन भरते तेव्हां हजारों तरुण धांवतात. त्यांतील कितींनीं कांहीं शें रुपये खर्चून हा कागद काढला असेल?

घरांतल्या औषधांच्या डब्याचाहि येथें संबंध आहे. गेल्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या शेजारच्याला देणें हा आम्हां लोकांचा परोपकार. अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, ओकारीवरच्या डोम्पेरिडोन व ऑन्डॅन्सेट्रॉन, मनोविकारावरचें हॅलोपेरिडॉल, २०२० सालीं लोकांनीं धांवत जाऊन आणलेलें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, हीं सर्व औषधें तो काळ आणखी लांबवितात. निरोग्याला बहुधा बाधत नाहींत. ह्या माणसांना बाधूं शकतात. ओकाऱ्या-जुलाबांनीं शरीरांतील पोटॅशियम घटला तरी तोच परिणाम. निर्जळी उपास करणाऱ्या गृहिणींनीं हें वाक्य दोनदां वाचावें. आतां आमच्या तिन्ही बिऱ्हाडांत डब्याच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस वर्ज्य औषधांची यादी चिकटविलेली आहे, आणि डॉक्टरकडे जातांना तिची एक प्रत खिशांत असते.

उपचार आहेत, आणि ते सोपे आहेत, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नाहीं. प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल ह्यांसारखी गोळी नित्य घेतली म्हणजे उत्तेजक रसाचा जोर हृदयापर्यंत पोंचत नाहीं. आमच्या घराण्यांतल्या श्रमानें उठणाऱ्या प्रकारांत तिचा गुण फार चांगला येतो. मात्र ती संध्येसारखी नित्य हवी; एकहि दिवस चुकतां कामा नये. एकट्यानें पोहणें वर्ज्य. ज्यांचें हृदय एकदां थांबून परतलें आहे त्यांच्या छातींत लहानसें यंत्र बसवितात. लय मोडली कीं तें स्वतः झटका देऊन ती परत आणतें. असें यंत्र मनुष्यांत पहिल्यानें १९८० सालीं अमेरिकेंत बसविलें गेलें. आमच्यांत तें कोणालाच लागलें नाहीं. डोंबिवलीचा मुलगा गोळी घेतो आणि सकाळीं चालतो.

कठीण होतें तें दुसरेंच. त्या मुलाला स्थळें येत होतीं. घरांतील एका वडीलधाऱ्या माणसानें सल्ला दिला कीं गोळीविषयीं बोलूं नये. लग्न ठरल्यावर पाहतां येईल. ही बुद्धि आपल्या समाजांत जुनी आहे, आणि ती सर्वस्वी निष्कारण होती असेंहि नाहीं. १९७६ च्या दुरुस्तीनें हिंदु विवाह कायद्यांत वारंवार येणारें फेफरें ही विवाहाला अडचण म्हणून घातली गेली होती. १९९९ सालीं तें कलमांतून काढून टाकलें. माझ्या आतेभावाचें लग्न झालें तें मधल्या काळांत. फेफऱ्याविषयीं मुलीकडच्यांना कळविलें नव्हतें, आणि मध्यस्थ मीच होतों. "प्रकृति उत्तम" असें पत्रांत लिहिलें तें माझ्या हस्ताक्षरांत. चौतिसाव्या वर्षीं विधवा झालेल्या नवऱ्याच्या त्या बायकोनें मला आजवर एका शब्दानें विचारलेलें नाहीं. मुलाच्या वेळीं मात्र तिनेंच स्पष्ट सांगितलें, "पत्रिकेबरोबर हा कागदहि जाईल." दोन स्थळें परत गेलीं. तिसऱ्या मुलीनें डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून चार प्रश्न विचारले. तिचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

कल्याणास जाण्यास मींहि आठ दिवस लावले. घरांतून म्हणणें पडलें, मुलगी सुखांत नांदते आहे, तिकडे कशाला काहूर उठवायचें? मुलीला एक अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि ती पोहायला शिकत होती. शेवटीं एका रविवारीं गाडींत बसलों. व्याही, विहीणबाई, जांवई सगळे बैठकींत होते. चहा आला होता. मीं सर्व सांगितलें. बराच वेळ कोणी कप उचलला नाहीं. मग विहीणबाईंनीं एवढेंच विचारलें, "लग्नाच्या वेळीं तुम्हांला ठाऊक होतें का?" नव्हतें, असें मी म्हणालों, तें खरें होतें, आणि तें खरें होतें म्हणूनच बोलतां आलें. "मग उद्यां पोरीला तपासून आणूं," त्या म्हणाल्या. मायलेकी दोघींतहि दोष निघाला. नातीचा आंकडा ४७० च्या वर आहे. दोघींना गोळी चालू आहे. पोरीचें पोहणें थांबलें, त्याऐवजीं ती पेटी शिकते, आणि आजोबांनीं आपलें पोहणें बंद केलें असा तिचा माझ्यावर राग आहे. जांवई महिनाभर माझ्याशीं मोजकेंच बोलले. त्यांना मी दोष देत नाहीं.

तरीहि एखादे दिवशीं कोणी कोसळलेंच तर? आमच्या घरच्या सर्वांना, मला धरून, डॉक्टर नातीनें एका उशीवर शिकविलें. हांक मारून हलवून पाहावें. उत्तर नाहीं व श्वास नीट नाहीं असें दिसतांच एकानें १०८ ला टेलिफोन करावा. जपमाळेचा हा आंकडा आमच्या लोकांना विसरणें कठीण. दुसऱ्यानें छातीच्या मधोमध तळहात ठेवून, त्यावर दुसरा ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेंवीस ह्या वेगानें, दोन इंच खोल दाबीत राहावें. मदत येईपर्यंत थांबूं नये. कांदा हुंगवूं नये, चप्पल नाकाशीं धरूं नये, तोंडांत चमचा घालूं नये. १२ जून २०२१ रोजीं डेन्मार्कचा फुटबॉलपटु क्रिस्टियन एरिक्सन भर सामन्यांत कोसळला. मैदानावरच छाती दाबून व झटका देऊन त्याला परत आणलें, आणि तो पुढें पुन्हां खेळला. आतेभाऊ फलाटावर पडला तेव्हां भोंवतीं पन्नास माणसें उभीं होतीं. कोणी वारा घातला, कोणी पाणी आणलें.

यंदाचा महालय नुकताच झाला. गुरुजींच्या हातांत द्यावयाची यादी मीं नव्यानें लिहून काढली. प्रत्येक नांवापुढें गोत्र आहेच. त्यापुढें जातांनाचें वय, आणि कळेल तेथें कारण. मामांच्या घरची माहिती मिळविण्यासाठीं पुण्याला दोन पत्रें टाकलीं. मावशीच्या सुनेनें टेलिफोनवर तासभर सांगितलें, आणि त्यांत एक झोपेंत गेलेलें सहा महिन्यांचें मूल निघालें, ज्याचें नांवहि आम्हांला ठाऊक नव्हतें. चतुर्दशीला काकांचें श्राद्ध केलें. त्यांच्या नांवापुढें "वय १९, बुडून" असें पूर्वींच लिहिलें होतें. "बुडून" खोडलें नाहीं. त्याच्या शेजारीं एक प्रश्नचिन्ह घातलें.